लहरीचा सौदा, मोलाचा खेळ

मालाची पारख हे व्यापारी घरातील बाळकडूच असते. डाळीचा दाणा दाताखाली धरून ओल ओळखावी, कापडाचा पोत बोटांनी पाहावा, सोन्याचा कस लावावा आणि मगच भाव बोलावा, ही शिस्त पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. अशा घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने केवळ वेष्टनावरचे चित्र आवडले म्हणून शे-पाचशे रुपयांचा व्हिडिओ गेम विकत घेतला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. जी वस्तू हाती धरता येत नाही, वजनात भरत नाही आणि बहुधा पुन्हा विकताही येत नाही, तिचे मोल कसे ठरवावे, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

तथापि खेळ घेणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येतो. ज्याचा मोठा गाजावाजा झाला, ज्यासाठी हजारो रुपये मोजले, तो खेळ चार दिवसांत कंटाळवाणा होतो; आणि जो सहज, लहर आली म्हणून, थोडक्या पैशांत घेतला, तो वर्षानुवर्षे मनात घर करून राहतो. याचे श्रेय नुसत्या नशिबाला देऊन चालणार नाही. असे जे खेळ चांगले निघाले, त्यांच्या घडणीत काही समान गुण आढळतात. ते गुण ओळखता आले, तर या अपरिचित बाजारातही आपली जुनी पारख उपयोगी पडते.

वीस डॉलरचा गोळा

पहिले उदाहरण जपानचे आहे. नामको या कंपनीने २००४ साली ‘कातामारी दामासी’ नावाचा खेळ काढला. त्याचा कल्पक केइता ताकाहाशी हा मूळचा शिल्पकलेचा विद्यार्थी. विश्वाच्या राजाने बेभानपणे आकाशातील तारे नष्ट केलेले असतात आणि ते पुन्हा घडविण्याचे काम त्याच्या चिमुकल्या राजपुत्रावर येऊन पडते. राजपुत्र पृथ्वीवर येतो आणि एक चिकट गोळा ढकलू लागतो. आरंभी त्याला टाचण्या आणि खोडरबर चिकटतात. गोळा वाढत जातो तशा खुर्च्या, सायकली, झाडे आणि अखेर इमारतीही त्यात सामावतात. एवढाच खेळ.

अमेरिकेत त्याच वर्षी तो दुकानांत आला, तेव्हा नव्या खेळाची प्रचलित किंमत ५० डॉलरच्या आसपास होती. हा मात्र २० डॉलरला मिळत असे. अनोळखी नाव, विचित्र वेष्टन आणि निम्म्याहून कमी भाव! ‘बघू तरी काय आहे’ असे म्हणून घ्यावा, असाच तो माल होता. पुढे २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहासाठी व्हिडिओ गेम निवडण्यास आरंभ केला, तेव्हा पहिल्या चौदा खेळांत ‘कातामारी दामासी’ होता. कमी भाव म्हणजे हलका माल, हा बाजारातील सरसकट समज येथे खोटा ठरला.

कर्जात बुडालेले दुकान

दुसरा खेळही जपानचाच आहे, आणि आपल्या वाचकांना तो विशेष जवळचा वाटेल. कारण त्याचा विषयच दुकानदारी आहे. ‘रेसेटेअर’ हा खेळ जपानमध्ये हौशी निर्मात्यांच्या एका लहान गटाने २००७ च्या अखेरीस प्रकाशित केला. एका छोट्या अमेरिकी संस्थेने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि सप्टेंबर २०१० मध्ये तो ‘स्टीम’ या संगणकीय दुकानात विक्रीस आला. तोवर जपानबाहेर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तरीही पुढे त्याच्या खपाचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. सवलतीच्या दिवसांत सहज घेणाऱ्यांचा या खपात मोठा वाटा होता.

कथा अशी: रेसेट नावाच्या लहान मुलीचा पिता घर सोडून साहसाच्या नादी लागतो आणि बेपत्ता होतो. मागे राहते ते डोईजड कर्ज. सावकारी संस्थेकडून टिअर नावाची परी वसुलीस येते. घर जप्त करण्याऐवजी तेथे दुकान थाटून कर्ज फेडावे, असा मार्ग ती सुचवते. पाच आठवड्यांत पाच हप्ते भरायचे. पहिला हप्ता १०,००० नाण्यांचा. पुढे ३०,०००, ८०,०००, २,००,००० आणि शेवटचा ५,००,०००. एकूण ८,२०,०००.

मग सुरू होते ती खरीखुरी दुकानदारी. ठोक बाजारातून माल आणायचा, तो मांडायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकाला भाव सांगायचा. दर्शनी काचेत काय ठेवले आहे ते पाहूनच गिऱ्हाईक आत येते. प्रत्येकाची ऐपत निराळी: कोणी थोडे जास्त देऊनही हसतमुखाने जातो, तर खाऊचे पैसे मुठीत घेऊन आलेल्या चिमुरडीपाशी देण्यासारखे काही नसतेच. अवाच्या सवा भाव सांगितला तर गिऱ्हाईक एकदोनदा घासाघीस करते आणि मग पाठ फिरवते. उलट त्याच्या मनातल्या भावाच्या जवळ जाणारा आकडा पहिल्याच बोलीत सांगितला, तर सौदा तर होतोच, शिवाय दुकानदाराच्या खात्यावर अनुभवाची अधिक भर पडते. मनासारखा व्यवहार झालेली माणसे पुन्हा येतात आणि हळूहळू सैल हाताने खर्च करू लागतात. बाजारात बातमी फुटते आणि एखाद्या जिनसेचा भाव चढतो किंवा कोसळतो. कोणी आगाऊ मागणी नोंदवून जातो; ठरल्या दिवशी माल तयार नसला तर विश्वास गमावला म्हणून समजावे.

एकाच गिऱ्हाइकाकडून जास्तीत जास्त उकळण्यापेक्षा ते टिकवून ठेवण्यात अंती अधिक लाभ असतो, हे सूत्र गादीवर बसलेल्या प्रत्येक आजोबांनी नातवाला सांगितलेले असते. नातू ते ऐकतो आणि विसरतो. या खेळात तेच सूत्र मोडले, की हप्ता चुकतो आणि डोक्यावरचे छप्पर जाते. तेथे खेळ संपत मात्र नाही. गाठीचा माल आणि कमावलेले कसब घेऊन नवा डाव मांडता येतो. ज्या पित्याला मुलाने दुकानात लक्ष घालावे असे वाटते, त्याने हा खेळ एकदा मुलाशेजारी बसून पाहावा. खेळाचा एक भाग भुयारात जाऊन राक्षसांशी लढत माल मिळवण्याचा आहे, हेही सांगितले पाहिजे; पण खेळाचा जीव अडकला आहे तो काउंटरमागे.

न मारता जिंकण्याची वाट

व्हिडिओ गेमविषयी आपल्या घरांतून घेतला जाणारा मोठा आक्षेप हिंसेचा असतो. तो अनाठायी नाही. अनेक गाजलेल्या खेळांत समोर दिसेल त्याला मारणे हाच पुढे जाण्याचा एकमेव मार्ग असतो. या रूढीलाच प्रश्न विचारणारा खेळ अमेरिकेतील टोबी फॉक्स या तरुणाने तयार केला. ‘अंडरटेल’ हे त्याचे नाव. २०१३ साली त्याने लोकवर्गणीतून ५,००० डॉलर मागितले. जमले ५१,००० हून अधिक. सप्टेंबर २०१५ मध्ये खेळ सुमारे १० डॉलरला विक्रीस आला. चित्रे साधी, जुन्या काळच्या ठिपक्यांच्या घडणीची. पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी ओबडधोबड वाटावीत अशी.

भूगर्भातील राक्षसांच्या राज्यात एक मूल पडते. वाटेत भेटणारे राक्षस हल्ला करतात. पण प्रत्येकाशी बोलता येते, त्याची स्तुती करता येते, त्याची भीती किंवा दुःख समजून घेता येते आणि शेवटी त्याला सोडून देता येते. एकाही जिवाला न मारता खेळ पूर्ण करण्याची सोय आहे, आणि ती वाट सोपी नाही. हल्ले चुकवत, संयम राखत समोरच्याचे मन वळवावे लागते. याउलट जो सर्वांना मारत सुटतो, त्याच्यापुढे गावे ओस पडत जातात. बर्फाळ गावातील दुकानात शिरावे तर दुकानदार पळून गेलेला असतो. शिवाय हा खेळ कृत्ये स्मरणात ठेवतो. पहिल्यापासून आरंभ केला तरी पूर्वी काय केले होते याची आठवण काही पात्रे करून देतात. कर्माचा हिशेब पाटी पुसून मिटत नाही, ही जाणीव मनोरंजनाच्या एका स्वस्त वस्तूतून व्हावी, याचे नवल वाटते. अहिंसा ही दुर्बलाची सवय नसून अवघड साधना आहे, असे जे आपण मुलांना सांगतो, ते येथे त्यांच्याच बोटांना अनुभवता येते.

आईच्या वहीतील पुसट अक्षरे

चौथा खेळ अगदी लहान, दीडेक तासात संपणारा. ‘वेण्बा’ हा कॅनडातील टोरांटो येथील एका छोट्या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रकाशित केला. १९८० च्या दशकात तेथे स्थायिक झालेल्या एका तमिळ कुटुंबाची ही कथा आहे. वेण्बा ही आई. तिच्या आईने दिलेली पाककृतींची वही फाटली आहे, डाग पडून अक्षरे पुसली आहेत. इडली कोणत्या क्रमाने लावावी, कोणता जिन्नस आधी पडावा, हे खेळणाऱ्याने त्या अर्धवट ओळींवरून ताडायचे. दरम्यान मुलगा कविन मोठा होतो, शाळेच्या डब्याची त्याला लाज वाटू लागते, तमिळ त्याच्या जिभेवरून उतरत जाते. पुढे तोच मुलगा आजीची वही उघडून बसतो, तेव्हा त्याला ती लिपी धड वाचता येत नाही.

या खेळाला २०२४ साली पदार्पणातील सर्वोत्तम खेळाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यातील काही पदार्थ सामिष आहेत, हे आपल्या वाचकांनी आधी जाणून घ्यावे. परंतु परदेशात स्थिरावलेल्या, किंवा पुण्या-मुंबईत राहूनही घरची बोली विसरत चाललेल्या कुटुंबांना ही कथा आपलीच वाटेल. सिनेमाच्या तिकिटाच्या हिशेबाने घेतलेला खेळ आजी आणि नात यांना एका पडद्यापुढे बसवू शकला, तर त्या खर्चाला उधळपट्टी कोण म्हणेल?

खरा भाव कोणता?

आता या खेळांतील समान गुण पाहू. ते एकट्या माणसाने किंवा लहान गटाने, स्वतःची एक निश्चित कल्पना घेऊन घडवलेले आहेत. कातामारी मोठ्या कंपनीचा असला तरी तोही एका माणसाच्या कल्पनेवर उभा आहे. त्यांचा भाव एकदाच घेतला जातो. आणि त्यांना शेवट आहे. याच जातीचे सर्वांत मोठे यश म्हणजे ‘स्टारड्यू व्हॅली’. सिएटलजवळच्या एरिक बॅरोन याने चित्रे, संगीत, लेखन, सारे एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ खपून तयार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या या शेतीच्या खेळाच्या २०२४ च्या अखेरपर्यंत चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यात नंतर घातलेल्या भल्यामोठ्या भरीसाठी त्याने जुन्या गिऱ्हाइकांकडून वेगळा पैसा घेतला नाही.

याच्या अगदी उलट जात आहे ती ‘फुकट’ खेळांची. दार उघडे, प्रवेशाला मोल नाही. पण आत गेल्यावर दर पावलाला पोशाख, हत्यारे, बंद पेट्या विकायला मांडलेल्या. अशा खेळाला शेवट नसतो, कारण शेवट झाला तर गल्ला बंद होईल. व्यापारी माणसाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही: ज्या दुकानात भावफलकच नाही, तेथे खिसा सांभाळूनच शिरावे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट तर त्याहून वेगळी. तो जुगाराचाच प्रकार, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने असे खेळ चालविण्यास मनाई केली आहे. घरातील मोठ्यांनी या तीन जाती एकाच तराजूत घालू नयेत. मुलाने ३०० रुपयांचा पुरा खेळ घेतला म्हणून रागवावे आणि फुकट खेळात महिनाभर वाहून गेलेले पैसे लक्षातही येऊ नयेत, असे अनेक घरांत घडते.

लहरीलाही मर्यादा हवीच. सवलतीच्या दिवसांत स्वस्त मिळतात म्हणून वीस खेळ घ्यावेत आणि एकही उघडू नये, हा निव्वळ संग्रह झाला. पडून राहिलेल्या मालाइतकाच तो निरर्थक. यासाठी दोन साधे नियम पुरेसे आहेत. महिन्याची एक लहान रक्कम आधी ठरवावी आणि घेतलेला खेळ पुरा झाल्याशिवाय किंवा विचारपूर्वक बाजूला ठेवल्याशिवाय दुसरा घेऊ नये. ‘स्टीम’वर २०१५ पासून खरेदीच्या १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. दाणा दाताखाली धरून पाहण्याची ही आजच्या काळातील सोय होय. तिचा उपयोग करायला मुलांना शिकवावे.

आणि मुलाची निवड चांगली निघाली, तर त्याला तसे सांगावे. गादीवर पहिल्यांदा बसवलेल्या पोराने स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेला थोडासा माल नफ्यात गेला, की त्याच्या पाठीवर थाप पडते; पुढच्या मोठ्या सौद्यांचे धैर्य त्याला तेथून मिळते. तीनशे रुपयांचा खेळ हाही तसाच एक सौदा आहे. बुडाला तर नुकसान ठरलेले. साधला तर पारख वाढली, आणि संध्याकाळी जेवणानंतर घरात बोलायला एक चांगला विषय मिळाला.