तालुक्याची स्वयंपूर्णता कशी पारखावी?

एखाद्या तालुक्याची योग्यता ठरविताना सामान्यतः सरासरी पर्जन्यमान, बागायती क्षेत्र, पक्के रस्ते आणि बाजारपेठा यांचा विचार केला जातो. ही माहिती आवश्यक असली, तरी ती चांगल्या वर्षाचे चित्र दाखविते. पावसाने ओढ दिली, पुराने रस्ते तोडले किंवा वीज आठवडाभर बंद पडली, तर तेथील माणसे व जनावरे बाहेरच्या मदतीवाचून किती दिवस तग धरतील, या प्रश्नाचे उत्तर तीतून मिळत नाही. स्वयंपूर्णतेची परीक्षा वाईट वर्षात होते आणि तिची तयारी चांगल्या वर्षात करावी लागते.

धोका ओळखणे

प्रत्येक तालुक्याचा धोका निराळा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात कृष्णा व पंचगंगा यांचा संगम होतो. तेथे एरवी पाण्याची ददात नाही. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत त्याच पाण्याने गावांना वेढा घातला. अशा ठिकाणी उंचावरील निवारा, चांगल्या स्थितीतील नावा आणि पुरातही दूषित न होणारे पिण्याचे पाणी, ही तयारीची पहिली मापे ठरतात. दुष्काळी तालुक्यांची मापे अर्थातच वेगळी.

माहीत असलेला धोका हाच एकमेव धोका, असेही समजून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. तत्कालीन नकाशांत हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपेतील माणसांवर कोसळली व हजारो लोक मृत्युमुखी पडले. म्हणून घरांची मजबुती हीदेखील या तपासणीतील एक बाब होय.

पाण्याचा ताळेबंद

१९७२ च्या दुष्काळात प्रमुख टंचाई धान्याची होती. २०१२-१३ च्या दुष्काळात धान्य उपलब्ध होते. पण विहिरी आणि विंधन विहिरी कोरड्या पडल्या होत्या. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मधल्या काळात उपसा वाढला आणि भूगर्भातील ठेव आटत गेली.

ताळेबंदाचे गणित अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी मिळते. १,००० हेक्टर शिवाराच्या गावात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४०० कोटी लिटर पाणी पडले. गावाची वस्ती २,००० असेल आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षाची घरगुती गरज सुमारे ४ कोटी लिटर, म्हणजे पडलेल्या पाण्याच्या केवळ एक टक्का भरते. पडलेल्या पाण्यापैकी पुष्कळसे बाष्परूपाने उडून जाते किंवा वाहून जाते, हे खरे. तरीही पिण्यापुरते पाणी राखणे बहुतेक गावांच्या आवाक्यात असते.

मग टँकर का लागतो? एक हेक्टर उसाला साधारणपणे २ कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे दोन हेक्टर ऊस जेवढे पाणी पितो, तेवढ्यात वरील गावाची वर्षाची घरगुती गरज भागते. टंचाईचे मूळ अनेकदा कमी पावसाइतकेच पिकांच्या निवडीतही असते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने हा हिशेब प्रत्यक्ष व्यवहारात आणला. श्री. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यानंतर गावाने पाणलोटाची कामे केली, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास मनाई केली आणि ऊस व केळी यांसारखी जास्त पाण्याची पिके टाळली. पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा आणि पिण्याचे पाणी बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवावयाची, ही तेथील रीत आहे. अर्थात, भूगर्भातील पाणी गावाची शीव ओळखत नाही. शेजारच्या शिवारात बेसुमार उपसा चालू असेल, तर एकट्या गावाचा संयम अपुरा पडतो. याकरिताच हा विचार तालुक्याच्या पातळीवर होणे अगत्याचे आहे.

धान्य, वैरण आणि माणसे

पाच माणसांच्या कुटुंबास दररोज २ किलो धान्य धरल्यास वर्षाला सव्वासात क्विंटल धान्य लागते. घरोघरच्या कणग्या आणि बळदे ही एके काळची पुढील हंगामापर्यंतची तरतूद होती. आज तिची जागा बऱ्याच अंशी रास्त भावाच्या दुकानाने घेतली आहे. त्यामुळे धान्य गोदाम किती अंतरावर आहे आणि वाटेतील कोणता पूल पाण्याखाली जातो, याचीही नोंद असावयास हवी.

वैरणीकडे मात्र बरेचदा दुर्लक्ष होते. ज्वारी माणसाला भाकरी देते आणि जनावराला कडबा. ज्वारीचे क्षेत्र घटले, की दोन्ही ठेवी एकदम कमी होतात. पाऊस हुकला, की मग दावणीची जनावरे छावणीत न्यावी लागतात किंवा पडत्या भावाने बाजारात विकावी लागतात.

सर्वांत बोलके माप माणसांचे आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी किती कुटुंबे गाव सोडतात आणि त्यांच्यासोबत शाळेच्या पटावरील किती मुले जातात, हे शिक्षकाला नेमके ठाऊक असते. पैसेवारी पिकाची स्थिती सांगते. गावाचा आधार किती उरला आहे, ते हा आकडा सांगतो.

नोंद कोणी ठेवावी?

या परीक्षेसाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. शाळेत पर्जन्यमापक बसवून शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी रोजच्या पावसाची नोंद ठेवावी. ठरावीक विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजावी. ग्रामपंचायतीने धान्य, वैरण, नादुरुस्त घरे, एकटे वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांची यादी मृगापूर्वी अद्ययावत करावी. पंचायत समितीने गावोगावचे हे हिशेब एकत्र जोडले, की कोणते गाव किती दिवस तग धरील, हे तालुक्याला आधीच कळू शकेल.

स्वयंपूर्णता म्हणजे शासनाची मदत नाकारणे नव्हे. मदत पोहोचण्यास चार दिवस लागोत वा चार आठवडे, तोवर माणूस आणि जनावर जगले पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. हे दिवस किती, याचा आकडा ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडला गेला, तर रब्बीची पेरणी त्यानुसार बदलता येते. तोच आकडा एप्रिलमध्ये हाती आला, तर टँकरची मागणी करण्यापलीकडे फारसे काही करावयाचे उरत नाही.