शेंडा कुठवर आलाय?

पहाटे ५. वाळवा तालुका, डिसेंबर. दव एवढं, की पाल्यानं बाह्या भिजतात. टोळी कधीच फडात शिरलीय. मी ट्रॅक्टरच्या सीटखालचं पोतं तपासतो: लाल-पिवळी रिफ्लेक्टरची कापडं, सुतळी, त्रिकोण, फडकं. डिझेल नंतर.

सकाळी १०. भरणी. ऊस आडवा रचतात, म्हणून दोन्ही अंगांनी तो हातभर बाहेर येतो.

"मालक, अजून एक थर बसतोय की," मुकादम म्हणतो.

टोळीची मजुरी टनावर, माझं भाडंही टनावर. त्यामुळं 'नको' म्हणताना माझाही आवाज बारीकच निघतो. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात बाहेर आलेल्या मालाला २० हजार रुपये दंड आलाय, जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. रिफ्लेक्टरचं कापड बांधलं म्हणून तो माल कायदेशीर होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एक थर चढतोच.

दुपारी १. बांधणी. इथं मी घाई करू देत नाही. आमच्यातले बरेच जण कापड ट्रॉलीच्या लोखंडाला बांधतात आणि मोकळे होतात. वरची मोळी लोंबली की कापड झाकलं, दिवा झाकला, नंबरही झाकला. म्हणून कापड लोखंडाला नाही, सगळ्यात बाहेर आलेल्या उसाला. मागं लाल, बाजूंना पिवळं. चारही कोपरे ताणून, कारण रिफ्लेक्टर आलेला उजेड आला तिकडंच परत पाठवतो. कापड दुमडलं किंवा चिखलानं माखलं की काही परत जात नाही. नुसतं लाल फडकं दिवसा ठीक. रात्री ते काळंच.

संध्याकाळी ७. महामार्ग. माझा वेग ताशी पंधरा. मागचा ऐंशीनं आला, तर शंभर मीटरचं अंतर साडेपाच सेकंदांत संपतं. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. निघण्याआधी दोन्हींना पुन्हा एकदा चक्कर मारतो. मागच्या ट्रॉलीपर्यंत दिव्याची वायर पोचतच नाही. तिचं सगळं त्या कापडावर.

रात्री ९. पंक्चर. भरलेली ट्रॉली बाजूला घ्यायला साइडपट्टी पुरत नाही. माझ्यासोबतचा पोरगा त्रिकोण घेऊन मागं पळतो, चांगली शंभर पावलं. पूर्वी आम्ही दगड आणि वाढ्यांच्या पेंढ्या ठेवायचो. चाक बदललं की गडी ट्रॅक्टरवर चढायचा आणि दगड तिथंच राहायचे. पहाटे दूध घालायला निघालेला मोटरसायकलवाला त्यावर पडायचा. आमच्या गावातलाच एक पडला. तेव्हापासून त्रिकोण. तोही आठवणीनं उचलून आणायचा.

रात्री १२. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर. पुढं दीडशे गाड्या. चहा, झोप, शिव्या.

पहाटे ३. काटा झाला. गव्हाणीकडं जाण्याआधी कापड सोडायचं, नाहीतर उसाबरोबर तेही गळितात. पहिल्या हंगामात माझी दोन गेली.

पहाटे ४. रिकामी ट्रॉली बुटकी, चिखलाच्या रंगाची, भरलेलीपेक्षा कमी दिसणारी. पोरगा म्हणतो, "दादा, आता कशाला? ऊस कुठाय?"

"फडकं मार आधी," मी म्हणतो, आणि कापड मागच्या लोखंडाला ताणून धरतो.