आपली आपण सोडली!

"मी तर एका दिवसात सोडली बुवा! औषध नाही नि पाणी नाही." सिगारेट सोडलेला गृहस्थ भेटला की हे वाक्य ठरलेलेच. चारचौघे कौतुक करतात. आणि तीनदा सोडून चौथ्यांदा धरलेले कोपऱ्यातले मेहुणे मुकाट्याने मान खाली घालतात. हा लेख त्या मेहुण्यांसाठी.

चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड हे रेल्वेचे जंक्शन. उन्हाळा आला की भोवतालच्या जंगलात तेंदूपाने तोडायला कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. त्याच पानांची पुढे बिडी होते. मात्र या मुलखात बिडीपेक्षाही मान खऱ्याचा! सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घोटला की खर्रा तयार. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले शंभरांपैकी सुमारे 27 प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, आणि त्यांतले बहुतेक चघळणारे. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर 2016 साली 'सर्च' संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट्स यांना मिळून 'मुक्तिपथ' हा उपक्रमच उभा करावा लागला.

त्या राष्ट्रीय पाहणीत आणखी एक प्रश्न होता: सोडण्याचा प्रयत्न केलात, तो कसा? विडी-सिगारेट ओढणाऱ्या दहांपैकी सुमारे सातांनी कोणाचीच मदत घेतली नव्हती. औषध घेणारे अगदी मोजके. यावर कोणी म्हणेल, "मग औषध हवे कशाला?"

वाचकहो, आकडे फसवतात ते इथेच. वैनगंगा पोहून आलेल्यांना विचारा, "कमरेला भोपळा होता का?" बहुतेक 'नाही' म्हणतील, कारण उड्या घेणाऱ्यांतच भोपळेवाले थोडे! मधूनच परत फिरलेले किती, ते पैलतीरावर कसे कळावे? शिवाय भोपळा बांधतो तो बहुधा कच्चा पोहणारा, म्हणजे ज्याचे व्यसन जुने आणि पक्के तो. त्यातून दोन दिवसांत फसलेला प्रयत्न माणूस विसरतो. पैसे मोजून आणलेले औषध मात्र ध्यानात राहते.

म्हणून शास्त्रज्ञ चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात, एकाला औषध देतात, दुसऱ्याला नाही, आणि मग मोजतात. निव्वळ निश्चयावर सोडणाऱ्या शंभरांतले सहा महिने ते वर्षभर टिकतात ते अवघे तीन ते पाच. निकोटीनच्या गोळीने किंवा पट्टीने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. हा पुरावा मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेने ही औषधे 2009 साली, तर भारताने 2022 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

दोन मिलिग्रॅमची चघळायची गोळी आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळते. ती भराभर चावायची नसते. थोडी चावावी, झिणझिण्या आल्या की गालात ठेवावी, नि काही वेळाने पुन्हा चावावी. हृदयविकार असेल किंवा गोळी घेणारी बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. 1800-11-2356 या सरकारी दूरध्वनीवर सल्लाही फुकट मिळतो.

निश्चय हवाच, त्यावाचून गोळी काय करणार? पण तापाला औषध घेणाऱ्याला आपण दुबळा म्हणत नाही. या दिवाळीत मेहुणे फराळाला आले, तर "अजून सुटली नाही का?" असे विचारू नका. "या वेळी डॉक्टरांकडे सोबत येऊ का?" एवढेच विचारा.