पाणी खयसून येता, ता होडीकच इचार

आम्ही जुबैलमधली मराठी मंडळी जमलो की गप्पा हटकून दोन विषयांवर येतात: गावचा पाऊस आणि मासे. त्यात मी मालवणचा. इथल्या बाजारात 'कनअद' म्हणून विकायला असते ती आपली सुरमईच, पण तिच्याबरोबर किनारा काही येत नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र किनारा घरी चालत आला. प्लांटमधल्या एका सौदी सहकाऱ्याच्या अंगणात त्याच्या वडिलांची जुनी ॲल्युमिनियमची बोट पडून होती. साडेचार मीटर लांब, वेल्डिंगची नव्हे, रिव्हेट मारलेली. वडील ऐंशीच्या घरात आलेले. "त्यांना एकदा समुद्रावर न्यायचंय," तो म्हणाला. "पण बोट गळते. तू मेंटेनन्सवाला, जरा बघतोस का?"

हो म्हणताना माझ्या मनात वेगळंच काही होतं. बाबांची लाकडी होडी मी इथे असतानाच विकली गेली. दुरुस्तीला घरी माणूस नव्हता. फोनवर बाबा एवढंच म्हणाले होते, "गेली रे ती."

पहिल्या शुक्रवारी आम्ही बोटीच्या बाहेरून पाण्याचा पाइप मारत बसलो. काही कळेना. रात्री बाबांना फोन केला, तर ते हसले. "अरे, पाणी खयसून येता, ता होडीकच इचार. आत पाणी भर आणि भायरसून बघ."

पण आत पाणी भरायचं तर हिशोब हवा. तळ साधारण चार चौरस मीटरचा. त्यात दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे चारशे लिटर, म्हणजेच चारशे किलो! जुन्या ट्रेलरवर तेवढं वजन टाकलं तर तळच वाकायचा. म्हणून खाली लाकडी ओंडके लावून आधार दिला आणि थोडं थोडं पाणी सोडलं. दहा मिनिटांत बाहेरून थेंब दिसू लागले. प्रत्येक थेंबाभोवती खडूने गोल काढला. चौदा गोल झाले. बहुतेक रिव्हेटवर, दोन सांध्यावर.

बाबांच्या होडीत फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरायचे. शिवाय लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फटी आपसूक आवळतात. ॲल्युमिनियमला हा गुण नाही. लाटांच्या दणक्यांनी रिव्हेट एकदा ढिलं झालं की ते ढिलंच राहतं.

त्यावर उपाय दोन माणसांचा. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडीने ठोकायचं. नऊ रिव्हेट असे आवळले गेले. तीन अगदीच झिजले होते, ते ड्रिलने काढून सीलंटमध्ये बुडवलेले नवे बसवले. बाजारात सर्रास मिळणारे पॉप रिव्हेट इथे चालत नाहीत. त्यांच्या मध्यातूनच पाणी झिरपतं. बंद टोकाचे हवेत आणि तेही ॲल्युमिनियमचेच. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला तांबं किंवा साधं लोखंड टेकलं की ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. त्यात आखाताचं पाणी जास्त खारट: महासागरात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ, तर इथे 40 च्या आसपास. कोणाची तांब्याची वायर बोटीच्या तळाशी राहिली, तरी तिथे भोक पडू शकतं.

आमच्यातला एक जण म्हणत होता, "वेल्डिंगच मारून टाकू." मी नको म्हटलं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्याही पुढे. जुना पातळ पत्रा जळून भोक मोठं होतं आणि उष्णतेने शेजारचे धड रिव्हेटही ढिले पडतात. म्हणून दोन्ही सांधे स्टेनलेसच्या ब्रशने घासले, ॲसिटोनने पुसले आणि थर पुन्हा धरायच्या आत लगेच इपॉक्सी लावलं.

दुसऱ्या शुक्रवारसाठी सगळं ठरलं होतं. सीमा रक्षकांची परवानगी मिळाली होती, नातवंडं तयार, डब्यात खजूर, थर्मासमध्ये गहवा. मी म्हटलं, "आधी नुसती तरंगवून बघू. त्यात कोणी बसायचं नाही." मित्राचा चेहरा पडला. पण बोट उथळ पाण्यात अर्धा तास ठेवली आणि मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढं पाणी साचलं. पाणी काढायच्या बुचाभोवतीची किनार गळत होती. अंगणात बोटीचं नाक खाली कललेलं, त्यामुळे तिथे पाणी पोचलंच नव्हतं. ती चूक माझी.

त्या दिवशी मुलं रडली, आजोबा मात्र शांत होते. त्यांनी मित्राला अरबीत काहीतरी सांगितलं. मित्राने मला समजावलं, "बाबा म्हणतात, जो नाही म्हणू शकतो त्याच्याबरोबरच समुद्रात जावं."

पुढच्या आठवड्यात किनार दुरुस्त केली, बुचाचं रबर बदललं आणि अर्धा तास नव्हे, चांगले दोन तास बोट तरंगत ठेवली. तळ कोरडा. मग सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली आणि निघालो. बसण्याआधी आजोबांनी वाकून मागच्या कोपऱ्यात हात फिरवला, बोटं बघितली आणि मान डोलावली. बाबाही होडीत पाय ठेवण्याआधी नेमके असेच वाकायचे.

किनारा दिसत होता तोवर मोबाइलला रेंज होती. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी ना समुद्र बघितला, ना मला. "खाली दाखव, खाली," म्हणाले. कॅमेरा तळाकडे केला. ते बराच वेळ निरखत राहिले.

"पाणी इला?"

"नाय, बाबा."

"मग बरा झाला," म्हणाले. "आता मासो गावलो नाय तरी चलात."

मासा खरोखरच गावला नाही. येताना बाजारातून सुरमई घेतली.