बाहुली कण्हत नाही

लोणावळ्याला नौदलाचा ‘आयएनएस शिवाजी’ हा प्रशिक्षण तळ 1945 पासून आहे. जहाजाला भोक पडून पाणी शिरलं तर ते कसं थोपवायचं, हेही तिथं शिकवतात. त्यासाठी कुणी खरं जहाज बुडवत नाही. जहाजातल्यासारखे कप्पे उभारून त्यात जोरानं पाणी सोडतात. चूक झाली तर खलाशी भिजतो, बुडत नाही. परिचारिका घडवतानाही आता हाच विचार रुजू लागला आहे.

आपली जुनी पद्धत वॉर्डातली. सिस्टरच्या मागं उभं राहून पाहायचं, मग स्वतः करायचं. हात बसतो, पण कुणाच्या तरी दंडावर. आणि तो दंड बहुधा तक्रार न करणाऱ्या गरिबाचा असतो.

बाहुलीवर शिकण्याची कल्पना तशी जुनीच. 1911 साली अमेरिकेत, हार्टफर्डच्या परिचारिका विद्यालयासाठी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाएवढी बाहुली करून दिली. 1960 साली नॉर्वेतले खेळण्यांचे कारखानदार आसमुंड लेर्डाल यांनी तोंडानं श्वास देण्याच्या सरावासाठी ‘ॲन’ घडवली. आजच्या पुतळ्यांची तर नाडी लागते, छाती वरखाली होते.

याचा फायदा काय? द्रुतगती मार्गावरचा अपघात किंवा बाळंतपणानंतरचा रक्तस्राव विद्यार्थ्यांचं वेळापत्रक पाहून येत नाही. सरावाच्या खोलीत तो हवा तेव्हा, दहादा घडवता येतो. नंतर एकत्र बसून कुठं चुकलं ते बोलता येतं. हे बोलणंच झालं नाही, तर महागडा पुतळाही खेळणंच. उलट, एकीच्या पोटाला बांधायच्या साध्या साधनावरही रक्तस्राव थांबवायला शिकवता येतं.

अमेरिकेतल्या 2014 सालच्या एका मोठ्या अभ्यासात, वॉर्डातल्या निम्म्या तासांऐवजी असा सराव दिला, तरी विद्यार्थ्यांची तयारी कमी पडली नाही. मात्र तो सराव उत्तम दर्जाचा होता, आणि उरलेले निम्मे तास रुग्णापाशीच होते, हे विसरू नये. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 साली अधिसूचित झालेल्या बी.एस्सी. अभ्यासक्रमातही या सरावाला जागा आहे.

पण बाहुली कण्हत नाही, घाबरत नाही. मावळातली एखादी म्हातारी सुई पाहून हात मागं घेते, तेव्हा “आजी, भातलावणी उरकली का?” असं विचारत शीर शोधणं तिच्या खाटेपाशीच शिकावं लागतं. म्हणून पहिली चूक पुतळ्यावर होऊ द्यावी. पण पुतळा आला म्हणून वॉर्डातले तास आखडू नयेत. उद्या त्या खाटेवर आपणही असू.