करारनाम्यामागची उभारणी

१९९८ साली नॉर्वेतील ट्रोलटेक या लहानशा कंपनीने केडीई नावाच्या स्वयंसेवक प्रोग्रामरांच्या समूहाशी जो करारनामा केला, तो सॉफ्टवेअरच्या जगाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसला, तरी सार्वजनिक हिताच्या दृष्टीने असामान्य दस्तऐवज आहे असे माझे मत आहे. होवार्ड नॉर्ड आणि आयरिक चाम्बे-एंग या दोघा नॉर्वेजियन तरुणांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतलेले ट्रोलटेकचे ‘क्यूट’ हे फ्रेमवर्क १९९५ मध्ये लोकांपुढे आले होते. खिडक्या, बटणे, याद्या, अक्षरे, चित्रे अशी जी सामग्री प्रत्येक प्रोग्रामला पडद्यावर लागते, ती प्रत्येकाने पुन्हा पुन्हा लिहीत बसू नये म्हणून एकदाच नीट सिद्ध करून ठेवावी, हा त्याचा उद्देश. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी माथियास एट्रिख याने १९९६ मध्ये लिनक्ससाठी केडीई हा संपूर्ण डेस्कटॉप रचण्याचा संकल्प सोडला, तेव्हा आधार म्हणून त्याने क्यूटचीच निवड केली; परंतु क्यूटचा परवाना त्या काळी पुरता मुक्त नसल्यामुळे एवढे सार्वजनिक कार्य एका खासगी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहील ही शंका अनेकांच्या मनात बळावली, आणि त्या शंकेतूनच पुढल्या वर्षी ‘ग्नोम’ हा प्रतिस्पर्धी प्रकल्प जन्मास आला.

या शंकेचे निराकरण करारनाम्याने केले. कंपनीने क्यूटच्या मुक्त आवृत्त्या काढण्याचे बंद केल्यास आणि त्यावर बारा महिन्यांची मुदत उलटून गेल्यास, शेवटची मुक्त आवृत्ती कोणासही वाटेल तशी वापरता येईल अशा सैल परवान्याखाली प्रसिद्ध करण्याचा अधिकार एका स्वतंत्र फाउंडेशनला बहाल झाला, आणि कंपनी विकली गेली किंवा तिचे दिवाळे निघाले, तरी ही अट नव्या मालकावर बंधनकारक राहील अशी तरतूद झाली. ती तरतूद दूरदृष्टीची ठरली. कारण पुढे २००८ मध्ये नोकियाने, २०१२ मध्ये फिनलंडच्याच डिजियाने आणि त्यानंतर द क्यूट कंपनीने ही मालमत्ता हाती घेतली, आणि करार मात्र प्रत्येक वेळी टिकून राहिला.

तथापि कागदावरचा अधिकार बजावण्यासाठी अंगी सामर्थ्य लागते. सोर्स कोड हाती आहे, पण त्यापासून चालते फ्रेमवर्क उभे कसे करावे हे कोणालाच माहीत नाही, अशी अवस्था झाली तर उत्तमोत्तम कलमेही निष्फळ होत. म्हणून ही उभारणी, जिला प्रोग्रामर मंडळी ‘बिल्ड’ म्हणतात, ती कशी होते हे सामान्य वाचकानेही समजून घेण्यासारखे आहे.

सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला मजकूर. क्यूटच्या बाबतीत ती भाषा मुख्यत्वे सी प्लस प्लस. तो मजकूर यंत्राला थेट कळत नाही, म्हणून कम्पायलर एकेक फाइल घेऊन तिचे यंत्रसंकेतांत रूपांतर करतो आणि लिंकर ते असंख्य तुकडे जोडून लायब्ररी सिद्ध करतो. क्यूटमध्ये याही आधीची एक पायरी आहे. सी प्लस प्लसमध्ये मुळात नसलेल्या काही सोयी क्यूटने आपल्या पदरच्या घातल्या असल्यामुळे, त्यांचा अर्थ लावून जादा कोड लिहून देणारा ‘मॉक’ नावाचा छोटा प्रोग्राम प्रथम तयार करावा लागतो, आणि मग त्याच्याच साहाय्याने उरलेले क्यूट तयार होते.

या सर्वांच्या आरंभी ‘कॉन्फिगर’ येते, आणि माझ्या मते साऱ्या कामाचे यशापयश येथेच ठरते. संगणकावर कोणता कम्पायलर आहे, कोणत्या लायब्ऱ्या आहेत, त्यांतील वस्तूंची घडण जाहीर करणाऱ्या हेडर फाइली आहेत की नाहीत, याची ते कसून चौकशी करते आणि शेवटी एक लांबलचक तपशील छापते. नवशिका तो न वाचताच पुढे जातो. एखादी ऐच्छिक गोष्ट सापडली नाही तर कॉन्फिगर पुष्कळदा थांबत नाही. ती सोय वगळून निमूटपणे पुढे जाते. परिणामी लिनक्सवर पडद्याशी बोलणाऱ्या ‘एक्ससीबी’ लायब्ररीच्या हेडर फाइली नसतील, तर कित्येक तासांची उभारणी निर्विघ्न पार पडल्यावर पहिलाच प्रोग्राम खिडकी उघडण्यास नकार देतो, आणि त्याचे कारण त्या न वाचलेल्या तपशिलात स्पष्ट लिहिलेले असते.

याच तपशिलात ‘हार्फबझ’ या लायब्ररीचीही नोंद असते, आणि मराठी वाचकाचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो येथे. देवनागरीतील जोडाक्षरे, ‘ऱ्या’मधला अर्धा र, अक्षराच्या अलीकडे बसणारी पहिली वेलांटी, या सर्वांची मांडणी फाँटमधील नियमांनुसार हार्फबझ करते. तिची एक प्रत क्यूटच्या सोर्स कोडमध्येच ठेवलेली असते. ती वापरावी की संगणकावरची सामाईक प्रत वापरावी हे उभारणी करणाराने ठरवावयाचे. आतली प्रत घेतली तर उभारणी सुकर होते, पण हार्फबझमध्ये कोणी दोष दुरुस्त केला तरी क्यूटची नवी आवृत्ती येईपर्यंत किंवा आपण स्वतः ती प्रत बदलून पुन्हा उभारणी करीपर्यंत त्या दुरुस्तीचा लाभ आपल्याला मिळत नाही. मी स्वतः सामाईक प्रतीच्या बाजूचा आहे.

उभारणी एकदाच झाली तर कष्ट मोठे नव्हेत; खरी कसोटी लागते ती अद्ययावतीकरणाची. बदललेल्या फाइलीच तेवढ्या पुन्हा कम्पाइल कराव्यात ही कल्पना आज सहज वाटते, पण तिचे साधन १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन याने ‘मेक’ या प्रोग्रामच्या रूपाने दिले. दोष केव्हाच दुरुस्त झाला असून केवळ ती फाइल पुन्हा कम्पाइल करावयाची राहिल्यामुळे स्टीव्ह जॉन्सन या सहकाऱ्याची एक अख्खी सकाळ निर्दोष प्रोग्रामातले दोष शोधण्यात गेली आणि तो संतापून फेल्डमनच्या खोलीत आला, हा मेकच्या जन्माचा प्रसंग. फाइलींच्या वेळा ताडून कोणते काम शिळे झाले हे ठरविण्याचे मेकचे तत्त्व आजच्या साधनांतही कायम आहे.

मात्र बदल हेडर फाइलीत झाला तर हिशेब पालटतो. हेडरमध्ये वस्तूंची घडण जाहीर केलेली असते, आणि गावाचे गट क्रमांक बदलले की जमिनीचे ढेकूळही न हलता प्रत्येक सातबारा नव्याने लिहावा लागतो, तद्वत एका हेडरमधील एका ओळीपायी हजारो फाइली पुन्हा कम्पाइल होतात. हे लोण इतरांच्या प्रोग्रामांपर्यंत पोहोचू नये म्हणून क्यूटचे रचनाकार प्रत्येक वस्तूची अंतर्गत माहिती एका पॉइंटरच्या आड ठेवतात; आतले काहीही बदलले तरी बाहेरून दिसणारा आकार तोच राहतो, आणि क्यूट ५ च्या पहिल्या आवृत्तीवर उभारलेला प्रोग्राम ५.१५ वरही चालतो. एवढ्या मोठ्या फ्रेमवर्कने असे वचन वर्षानुवर्षे पाळणे ही अभिमानास्पद गोष्ट आहे. मुख्य क्रमांक बदलला, म्हणजे पाचाचे सहा झाले, की मात्र वचनाची मुदत संपते आणि सर्व काही नव्याने उभारावे लागते.

नेमक्या याच संधिकाळात कराराची परीक्षा झाली. डिसेंबर २०२० मध्ये क्यूट ६ प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने ५.१५ च्या यापुढील दुरुस्त्या केवळ पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी राखून ठेवल्या. केडीईचा सारा कोड तेव्हा क्यूट ५ वर होता. करारामुळे त्या दुरुस्त्या जास्तीत जास्त वर्षभरच रोखून धरता येत होत्या, आणि त्याप्रमाणे त्या मागाहून खुल्याही झाल्या. परंतु सुरक्षेच्या दोषाला वर्षभराची उसंत कोण देणार? केडीईच्या लोकांनी एप्रिल २०२१ मध्ये क्यूट ६ च्या खुल्या कोडमधील उपयुक्त दुरुस्त्या निवडून, त्या ५.१५ ला लागू होतील अशा बेताने बसवून, त्यांचा संग्रह जाहीर केला, आणि लिनक्सच्या अनेक वितरणांनी त्यावरून आपापले क्यूट उभारून सर्वसामान्यांच्या संगणकांवर पोहोचविले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईचा डेस्कटॉप क्यूट ६ वर गेला. तो संग्रह मात्र त्यानंतरही सांभाळला गेला, कारण पाचव्या आवृत्तीवर चालणारे प्रोग्राम अद्याप पुष्कळांच्या रोजच्या वापरात होते.