टेबलामागच्या बाईचा पगार

१९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले आणि सासरचा छळ गुन्हा ठरला. पण चौकीत आलेल्या बाईचे निवांत ऐकून घ्यायचे कोणी, हे त्या कलमात नव्हते. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती तिथे भेटू लागली. राज्य सरकारने हे काम आपले मानून जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायला दोन दशके घेतली.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातला ‘दिलासा’. २००० च्या सुमारास ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी तो सुरू केला. ‘मोरीत घसरून पडले’ म्हणत मलमपट्टीला आलेल्या बाईला परिचारिकेने आणखी दोन प्रश्न विचारावेत आणि तिथल्याच समुपदेशकाकडे न्यावे, एवढीच ती रचना. महिला केंद्रात जायला घरून मोकळीक नसते, दवाखान्यात जायला असते. सुरुवातीचा पैसा देणगीचा होता. पुढे पालिकेने केंद्र रुग्णालयाचाच विभाग म्हणून स्वीकारले, नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून ते मुंबईतल्या आणखी रुग्णालयांत पोचले. देणगी संपल्यावरही दार उघडे राहिले ते त्यामुळेच.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. २६ ऑक्टोबर २००६ ला तो लागू झाला. संरक्षण अधिकाऱ्याने अहवाल लिहावा, आसरा मिळवून द्यावा, न्यायालयाने ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात आहे. पगाराची सोय मात्र राज्यांवर सोडली गेली. कित्येक राज्यांत अंगणवाड्या सांभाळणाऱ्यांच्याच गळ्यात हा ‘अतिरिक्त कार्यभार’ पडला.

२०१३ च्या अर्थसंकल्पात महिलांच्या सुरक्षेसाठी १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. पहिली काही वर्षे त्यातला मोठा हिस्सा पडून राहिला, याचा मला आजही संताप येतो. २०१५ पासून त्यातून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर उघडली: वकील, उपचार, समुपदेशन, ५ दिवसांपर्यंत निवारा. पण समुपदेशक कंत्राटी. मानधन रखडले की ती दुसरी नोकरी शोधते आणि तिच्यापाशी मन मोकळे केलेली बाई नव्या माणसाकडे येतेच असे नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ६ आठवड्यांत संरक्षण अधिकारी नेमायला सांगितले. त्यासाठी महिला व बालविकास खात्यातले होते तेच अधिकारी निवडायचे होते.